वेशीतल्या मांजरांचा वाटा

आम्ही पिकअप घेऊन त्या बंदराच्या गावात पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. ज्या व्यापाऱ्याच्या शब्दावर मी घाट उतरून इतक्या लांब आलो, तो फोनवर म्हणाला, "आता माल नको. काल दुसऱ्याकडून घेतला." मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "त्याने फोन केव्हाच ठेवलाय. शिव्या कुणाला देताय?"

मागे दिंडोरीकडच्या बागेतली सोनाका द्राक्षं भरलेली होती. नाशिकला थंडीच्या त्या दिवसांत सकाळी स्वेटर लागतो. इथे सूर्य वर यायच्या आधीच शर्ट पाठीला चिकटला. अशा हवेत दुपारपर्यंत मणी देठ सोडायला लागतात, मग त्या मालाला जनावरसुद्धा विचारत नाही. सावलीत मांडून, ऊन तापायच्या आत किरकोळीत विकायचा, एवढाच मार्ग उरला होता.

सावलीची जागा हेरायची नजर मला आहे. सायकलच्या कॅरिअरवर पाटी बांधून मी धंदा सुरू केला. नाशिकच्या अंबडला एका कारखान्याच्या गेटसमोर कडुलिंबाखाली उभं राहून गिऱ्हाईक जोडलं, आणि कावीळ होऊन पडलो तेव्हा माझ्याच चुलतभावाने तिथे हातगाडी लावली. बरा होऊन गेलो तर म्हणतो, "रस्ता काय तुझ्या बापाने बांधलाय?" पुढे माझ्या स्वतःच्या गाड्या झाल्या, पण त्याच्या घरचं पाणी मी अजून पीत नाही. बायको म्हणते, सोडून द्या. का म्हणून सोडून देऊ?

गाव जुनं. समोर पाण्यात किल्ला, काठाला दगडी वखारी, आणि वखारी संपून मासळीबाजार सुरू होतो तिथे एक उंच वेस. कमानीच्या आत दोन्ही बाजूंना रुंद दगडी ओटे. दिवसभर सावली, वर समुद्राचा वारा, आणि बाजाराला येणारा प्रत्येक माणूस तिथूनच जाणार. इतकी सोन्यासारखी जागा रिकामी कशी राहिली, याचं मला नवल वाटलं. जवळ गेलो तर ती रिकामी नव्हती. ओट्यांवर मांजरं होती. पिवळी, काळी, ठिपक्यांची, एकमेकांच्या पोटावर डोकी टेकून झोपलेली. मी एक क्रेट टेकवला आणि एका जाड पिवळ्या बोक्याला हाताने बाजूला सारलं. तो उठला नाही, उलट आणखी लांब झाला.

"ओ दादा!" वेशीला लागून पाटी मांडून बसलेली एक म्हातारी कोळीण ओरडली. "कोनाच्या जागेत मांडतोस?"

"कुणाची आहे?"

"दिसत नाय? बसलेत की मालक."

आजूबाजूच्या कोळणी हसल्या. माझं डोकं फिरलं. जागेच्या बाबतीत मी आधीच पोळलेला माणूस. चुलतभावापुढे हरलो, आता मांजरापुढे हरायचं?

"मावशी, त्यांच्याकडे पावती आहे का जागेची?"

"पावती?" मासळीवर पाणी शिंपडत ती म्हणाली. "ह्या वखारींत भात भरायचे ना, तेव्हा तो उंदरांपासून ह्यांच्या आज्या-पणज्यांनी राखला. तू काय राखलंस?"

मी काहीच राखलेलं नव्हतं. "मग भाडं सांगा. द्यायचं कुणाला?"

"त्यांनाच. इथं जो बसतो तो पहिला मासा त्यांना घालतो, मग बोहनी. घाल आन् बस. आपसूक सरकतील."

आता आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी द्राक्षाचा एक चांगला घड बोक्यापुढे धरला. त्याने हुंगून तोंड असं फिरवलं, जसं मी समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या भावाला फिरवतो. बायकोने विचारलं, "दूध आणू का?"

"दुधावर पोसलेली नायत ती, वहिनी!" म्हातारी म्हणाली. पुन्हा हशा.

शेवटी मी म्हातारीपुढे उकिडवा बसलो. तिने मांदेलीचे लहान लहान वाटे लावले होते. मी एका वाट्याकडे बोट दाखवलं, तिने भाव सांगितला आणि मी म्हणालो, "निम्म्यात द्या." हे म्हणायला मला विचार करावा लागत नाही. डॉक्टरलाही मी हेच म्हणतो.

तिचा हात थांबला. "खायला घेतोस, का मांजराला?"

"मांजराला."

"मग नाय द्यायची." तिने पाटीवर ओलं फडकं ओढलं.

ही चाल मला ठाऊक होती. अशा वेळी उठून चालायला लागायचं, की मागून हाक येते. मी उठलो, चाललो. हाक आली नाही. दुसरीपाशी थांबलो तर तिने पाठ फिरवली. तिसरीने माझ्याकडे बघत बघत पाटी झाकली. माझ्यापेक्षा बातमी पुढे पळत होती. गिऱ्हाइकं गाडीतल्या द्राक्षांकडे बघायची, मग कोळणींच्या तोंडाकडे बघायची आणि सरळ पुढे जायची. ऊन गाडीच्या चाकांपर्यंत आलं होतं.

"स्वतःच्या ताटातल्याचा भाव करा हो," बायको म्हणाली. "दुसऱ्याच्या ताटातल्याचा कशाला?"

मी परत म्हातारीपुढे जाऊन बसलो. "चुकलं, मावशी. सांगाल तो भाव."

"आता भाव इचारूच नको. तुला वाटंल ते ठेव."

माझ्यासारख्याला याहून मोठी शिक्षा नाही. आयुष्यात मी आपला आकडा आधी सांगितलेला नाही. घाम पुसत मी एक नोट ठेवली, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणखी एक ठेवली. तिने न बघता नोटा कमरेला खोचल्या आणि एकाऐवजी दोन वाटे माझ्या हातात दिले. "हातानं भरव. लांबून फेकलंस तर राग येतो त्यांना."

मांदेलीची शेपटी चिमटीत धरून, मान दुसरीकडे वळवून मी हात पुढे केला. बोक्याची खरखरीत जीभ बोटाला लागली आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्याची नक्कल बायको अजून पाहुण्यांपुढे करते. अख्खा बाजार हसत होता. बाकीची मांजरं उड्या मारून माझ्या पायांशी आली, आणि एका बाजूचा ओटा खरोखर मोकळा झाला.

मग मजा सुरू झाली. पहिल्या गिऱ्हाईक कोळणीच. म्हातारी बसल्या जागेवरून ओरडत होती, "नाशकाची द्राक्षं! मांजरांनी पास केलेली!" माणसाच्या खाण्याचा भाव करायला त्या गावात बंदी नव्हती, आणि त्या बायका काय भाव करत होत्या! एकीने घड उचलून पुन्हा ठेवला, दुसरीने मला लुटारू म्हटलं, मी तिला म्हटलं, "तुमच्या पापलेटापेक्षा स्वस्त आहे, मावशी." ती म्हणाली, "माझं पापलेट पोहत आलंय, तुझी द्राक्षं गाडीत बसून!" इतकं मनसोक्त भांडण मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. बायकोला तराजूवरून मान वर करायला उसंत नव्हती. क्रेट भराभर रिकामे होत गेले.

शेवटी एक उरला. त्याच्यावर कागद घातला होता आणि कागदावर पिवळा बोका झोपला होता. छत्री घेतलेल्या एक बाई आल्या. "एवढीच राहिली का? सगळी द्या."

मी बोक्याला उचलायला हात घातला. सगळा बाजार एकदम गप्प झाला. मी हात मागे घेतला.

"जरा थांबावं लागेल, ताई."

"थांबते की. झोपू दे त्याला." छत्री मिटून त्या ओट्यावर टेकल्या. बोका जागा होऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात त्यांनी भाव करायला सुरुवात केली, आणि मलाही हळूच उत्तरं द्यावी लागली. आवाज चढवल्याशिवाय मला भाव करता येत नाही. बोका अंग ताणून खाली उतरला, तोवर सौदा बाईंच्या मनासारखा झाला होता.