जुन्या स्कूटरवरून लातूर: अहमदपूरच्या अलीकडचा चढ

दसरा होऊन चार दिवस झाले होते आणि माझे मन जपातही ठरत नव्हते. कारण चिरंजीव माधव याने घातलेली अट. "अप्पा, लातूरला आत्याकडे जाऊन या. कुणा मेकॅनिकचा हात न लागता गाडी परत आली, तर राहू द्या. नाहीतर भंगारात."

गाडी म्हणजे माझी चाळीस वर्षांपूर्वीची दोन-स्ट्रोक स्कूटर. तिच्या रचनेवर मी आजही लुब्ध आहे. तिला वेगळा सांगाडा नाही. दाबून घडवलेला पत्राच सारा भार वाहतो. इंजिन उजव्या कुशीत, थेट मागच्या चाकाशी जोडलेले, म्हणून साखळीची कटकट नाही. त्या वजनाने ती किंचित उजवीकडे ओढते, हे नवख्याने ध्यानी ठेवावे. क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत.

सकाळी सहाला नांदेड सोडले. पंपावर आता पेट्रोलमध्ये तेल मिसळून देत नाहीत. अशी गाडी नेणाऱ्याने बाटली जवळ बाळगावी. मी लिटरमागे वीस मिलिलिटर घालतो. टाकी भरायला सहाशेंच्या वर गेले.

लोह्याला सुशीला खाल्ली. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा तिखट नाश्ता आणि चहा मिळून पन्नास रुपये. शेजारच्या बाकावरच्या टेम्पोवाल्याने विचारले, "मामा, म्युझियममदी न्यायलाव का?"

"तिथूनच आणली आहे," मी म्हणालो.

"मग सांभाळून. तुमाला बी ठिवून घेत्याल!"

रस्ता उत्तम आहे, मात्र कडेला सोयाबीन वाळत घातलेले असते आणि या गाडीची चाके लहान. मी रस्त्याच्या मधूनच चालवीत राहिलो. सारखे कानात तिचेच ठोके. अहमदपूरच्या अलीकडे चढ लागला आणि ते ठोके मंदावले. मागे काळा धूर. पहिल्या गिअरवरही ती पुढे सरकेना. स्तोत्र म्हणत ढकलत वर आलो. समोरच गॅरेज होते. थांबलो तर अट मोडणार, न थांबलो तर पुढे जाता येणार नाही. थांबलो.

गॅरेजवाले उस्मानभाई माझ्याच वयाचे. प्लग काढून त्यांनी उन्हात धरला. काळा, ओला. "काका, हिला हवाच मिळंना गेली." मग बाजूचे झाकण उघडले आणि हवा ओढणारी जाळी हाती घेऊन ते बघतच राहिले. जाळीवर तेलात कालवलेला पिवळा-तांबडा थर, त्यात तांदळाचे दाणे.

"इंजनाला हळद-कुंकू लावून राहिले व्हय तुमी?"

"दर दसऱ्याला. झाकण काढून, यथासांग."

"लावा की. पण नाकात कशाला कोंबता?"

त्यांनी जाळी पेट्रोलने धुतली, प्लग घासला, शंभर रुपये घेतले. एका किकेत गाडी सुरू झाली.

लातूरला बहिणीने ताजी भाकरी आणि पिठले वाढले. अट मोडली होती आणि मोडताना घरचे कुणी पाहिलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी परतताना तोच चढ उतार होऊन आला, तेव्हाही माधवला काय सांगायचे याची वाक्ये मी मनात जुळवीत आणि मोडीत होतो.

माधव फाटकात उभा होता. "लागला का कुणाचा हात?"

"लागला. अहमदपूरच्या अलीकडे." मग हळदीसकट सगळे सांगितले.

तो हसला. "म्हणजे गाडीत बिघाड नव्हताच, अप्पा. तो तुमच्यात होता."

गाडी राहिली. मी मात्र उस्मानभाईंचे ते नाकात कोंबण्याचे बोल आठवून तेव्हापासून अस्वस्थ आहे. माधव सात वर्षांचा असताना मी त्याला रोज पहाटे थंड पाण्याने न्हाऊ घालून देवघरात स्तोत्रपाठाला बसवीत असे. तो रडे, मी त्याला आळस समजे. बाराव्या वर्षी त्याने देवघरात पाऊल टाकणे सोडले, ते आजतागायत. त्याविषयी त्याला एकदा विचारावे, असे रोज सकाळी ठरवतो. अजून विचारलेले नाही.