घेतली! सोडली!

यवतमाळच्या एका सायंदैनिकाच्या कचेरीत मैत्रेयी मुनेश्वर बातम्या टाईप करायची. आवाज असा खणखणीत की तिनं वरून चहा सांगितला तर शेजारच्या गल्लीतला चहावालाही ‘आणतो’ म्हणायचा. त्या कचेरीला तिच्या बोटांइतकीच तिच्या गळ्याचीही गरज होती, आणि त्याला कारण मालकांचा चिक्कूपणा.

मालक आणि संपादक एकच, विठ्ठलराव. कापूस झोपला तशा जाहिरातीही आटल्या, म्हणून त्यांनी विकतची विंडोज घेतली ती एकाच मशीनवर. ते मशीन पान लावणाऱ्या खेमसिंगचं, कारण त्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालायला तयार नव्हतं. मैत्रेयीच्या वाट्याला आलं फुकटातलं लिनक्स. नागपूरच्या एका माणसानं मध्ये केबल टाकून तिच्या मशीनवर दोघांसाठी एक सामायिक फोल्डर करून दिलं आणि चहा पिऊन तो गेला तो गेलाच.

फोल्डर दोघांनाही दिसे. पण एकीकडे फाईल उघडी आहे हे दुसऱ्या मशीनला कळतच नसे. दोघं एकाच फाईलवर बसले तरी कुठलंही मशीन चकार शब्द काढत नसे. जो शेवटी सेव्ह करी त्याचं राही, आधीच्याचं साफ पुसलं जाई. विठ्ठलरावांचा अग्रलेख असा दोनदा गडप झाला. (वाचकांकडून तक्रार आली नाही, ही गोष्ट वेगळी.) मग मैत्रेयीनंच रीत पाडली. फाईल उघडताना ओरडायचं, “घेतली!” बंद करताना, “सोडली!” एकानं घेतली की दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

“बाजार भरवला काय इथं?” विठ्ठलराव आधी करवादले. पुढं त्यांनाही त्या हाळीशिवाय करमेनासं झालं.

२००६चा पावसाळा सरत आला होता. त्या दिवसांत कुणी ना कुणी गेल्याची बातमी रोजचीच झाली होती. टाईप करताना मैत्रेयीची बोटं आता अडखळत नसत, आणि त्याचीच तिला स्वतःवर चीड येई. त्या सकाळी घाटंजीकडची बातमी होती. दुसऱ्याच्या कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन बंजारा तांड्यावरचा मजूर भीमसिंग राठोड मरण पावला. तिनं ती टाईप करून फोल्डरमध्ये टाकली.

थोड्या वेळानं फोन वाजला. भीमसिंगचा भाऊ धावजी यवतमाळच्या दवाखान्याबाहेरून बोलत होता.

“ताई, तुमचा माणूस काहून मेला म्हणून लिहून गेला? माहा भाऊ जित्ता हाये! श्वास चालू हाये त्याचा.”

“थांबा, मी काढते ती बातमी.”

“काढाच, ताई. माही याडी, माय, फाट्यावरच्या हॉटेलात बसून हाये. घाटंजीची गाडी वापस येईन तिच्यात बसून येऊन राह्यली. त्याच गाडीत जाताना तुमचा पेपर असते, हॉटेलवाला मोठ्यानं वाचते. तिनं ऐकलं तं ती तिथंच बसन. तिले पोरगं एकडाव जित्तं पाहू द्या.”

मैत्रेयीनं फोन ठेवला. तेवढ्यात लाईट गेली, मशीनं बॅटरीवर तगली आणि जिन्याखालचं जनरेटर धडधडायला लागलं. ती ओरडली, “घेतली!” बातमी काढली, सेव्ह केली, ओरडली, “सोडली!” पलीकडच्या खोलीत खेमसिंग ओळी कापूनकुपून मजकूर जागेत बसवत होता. फाईल त्यानं तिच्या क्षणभर आधीच घेतली होती, ओरडून घेतली होती. जनरेटरच्या धडधडाटात दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू आलं नाही. तिच्यानंतर त्यानं सेव्ह केलं आणि भीमसिंग पुन्हा मेला.

हे कळलं ते छापलेला अंक वर आल्यावर. पहिल्याच पानावर खाली, चौकटीत. गठ्ठे स्टँडकडे रवाना झाले होते.

“उद्या खुलासा टाकू ना,” विठ्ठलराव म्हणाले.

“उद्या त्या बाईले काय वाचून दाखवता, भाऊसाहेब?” तिनं विचारलं आणि उत्तराला थांबली नाही. खेमसिंगचा चेहरा पडला होता. तोही तांड्यावरचाच. त्यानं मोटारसायकलची किल्ली उचलली.

बाजाराचा दिवस, रस्ता बैलगाड्यांनी आणि माणसांनी गच्च. मागं बसलेली मैत्रेयी सरका, सरका म्हणून ओरडत होती. ते स्टँडवर शिरले तेव्हा घाटंजीची गाडी फलाटावरून मागं येत होती. खेमसिंगनं ब्रेक मारायच्या आत तिनं उडी टाकली.

“थांबवा! गाडी थांबवा!”

अख्खा स्टँड वळून पाहायला लागला. कंडक्टरनं घंटी मारली. गठ्ठा ड्रायव्हरशेजारीच पडला होता.

“पार्सल असं देता येत नाही, बाई,” कंडक्टर म्हणाला.

“एका मायचा जीव हाये त्यात. द्या इकडं.”

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गठ्ठा तिच्या हातात दिला.

गावात वाटले गेलेले अंक गेलेच. पण फाट्यावर त्या दिवशी पेपर उतरला नाही. दोघं स्टँडवरच थांबले. गाडी परत आली तेव्हा कापडात बांधलेली भाकर छातीशी धरून एक म्हातारी उतरली. खेमसिंग पुढं झाला, तिच्याशी त्यांच्या गोरबोलीत बोलला आणि तिला दवाखान्यात घेऊन गेला. संध्याकाळी धावजीचा फोन आला. भीमसिंगनं डोळे उघडून याडीकडे पाहिलं होतं, बोट धरलं होतं. मैत्रेयी टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावजीचाच फोन. “आता टाका ती बातमी, ताई,” तो म्हणाला.

त्या दिवशी लाईट होती, जनरेटर बंद होतं. मैत्रेयीनं तीच फाईल उघडली. “घेतली,” ती हळूच म्हणाली.

पलीकडच्या खोलीत खेमसिंगनं कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवून बसून राहिला.