आजव्याच्या काठावरची नौका

काठेवाडच्या किनाऱ्यावरच्या एका राजेसाहेबांनी आमच्या महाराजांना शिडाची नौका भेट पाठवली, तेव्हा मी बडोद्याच्या राजवाड्याचा कारभार पाहणाऱ्या खानगी खात्यात नुकताच लागलो होतो. दोन दरबारांचं जुनं काहीतरी बिनसलं होतं, ते मिटल्याची ती खूण. नौका रेल्वेच्या उघड्या डब्यातून आली आणि तिच्यासोबत ती हाकणारा तांडेल आला. त्यालाही भेटीतच धरलं होतं.

नौकेची देखभाल माझ्याकडे आली. बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्री नदीत पावसाळा सोडला तर गुडघाभर पाणी. उरला आजव्याचा तलाव. पण त्याचं पाणी सगळं शहर पितं, म्हणून तिथे नाव ठेवायची परवानगी मिळाली नाही. मग तलावाच्या काठावरच पत्र्याची छपरी घालून ओंडक्यांवर तिला उभी केली. महाराज तेव्हा विलायतेत होते.

पहिल्याच उन्हाळ्यात तांडेल म्हणाला, "साहेब, लाकडुं सुकाय छे." फळ्यांच्या सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. तो रोज घागरीने पाणी आणून तिच्यावर ओतायचा. ही नाव त्याच्या वडिलांनी बांधली होती, हे मला फार उशिरा कळलं.

गावी त्याची बायको आजारी असल्याचा निरोप आला, तेव्हा मी आमच्या वरिष्ठांकडे गेलो.

"त्याला महिनाभर घरी जाऊ द्या, साहेब."

"मला काय, माझी ना नाही," ते म्हणाले. "पण त्यांच्या दरबाराला कळलं की आपण माणूस परत पाठवला, तर त्याचा अर्थ काय लावतील?"

"मग निदान नाव तरी परत करू."

त्यांनी पुढचा कागद ओढून घेतला.

त्या रात्री मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या हातात नाही ते. चार घास खा." खरंच नव्हतं हातात. म्हणूनच घास उतरत नव्हता. पुढे पावसाळ्यात तांडेलाची बायको गेल्याचं कळलं. तो छपरीत बसून होता. मी शेजारी बसलो. 

एके वर्षी राजेसाहेबांचे वकील, म्हणजे त्यांच्या दरबाराचे प्रतिनिधी, बडोद्याला आले आणि त्यांनी नौका पाहायची इच्छा दाखवली. ताबडतोब एका दिवसाची परवानगी निघाली. नाव पाण्यात घालायची.

"नहीं टके," तांडेल म्हणाला. टिकणार नाही, हे मलाही दिसत होतं. मी वर सांगितलं. वरिष्ठांनी त्यांच्या वरती सांगितलं. हुकूम काही फिरला नाही; शेवटी आम्ही सगळे काठावर येऊन उभे राहिलो.

नौका पाण्यात उतरली, तेव्हा खरोखर देखणी दिसली. तांडेलाने शीड उभारलं. वकिलांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. थोडी पुढे गेली आणि खाली बसू लागली. तांडेल डबडं घेऊन पाणी उपसत होता. मी काठावरून "उडी मार!" म्हणून ओरडत होतो. पाणी कमरेला लागलं तरी त्याचा हात थांबेना. शेवटी दोघा शिपायांनी पोहत जाऊन त्याला ओढून आणलं. नाव तळाला गेली.

 वकील हळूच मला म्हणाले, "नाव निघाली तेव्हाच आम्हाला ठाऊक होतं, बडोद्यात समुद्र नाही. पण राजेसाहेबांनी भर दरबारात नाव देतो म्हणून बोलून टाकलं होतं."

त्यांनी तांडेलाला आपल्याबरोबर न्यायचं ठरवलं. आता कुणाचीच हरकत नव्हती. स्टेशनवर मी त्याला पोहोचवायला गेलो. डब्याच्या खिडकीशी तो म्हणाला, "साहेब, गावात विचारतील, बापाची नाव कुठे आहे? काय सांगू?"

"बडोद्यात आहे म्हणून सांग," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. गाडी सुटली, तरी मी तिथेच उभा होतो.