मधली दोन कडवी

गायला बसण्याआधी काकी चूळ भरायच्या, पदर डोक्यावर घ्यायच्या आणि समोरच्या बायकांना दम द्यायच्या, "मधी कोनी बोललात तं पयल्यापासून म्हनीन." धमकी पोकळ नव्हती. त्यांचं एकेक गाणं हळद लागून ती वाळेपर्यंत चालायचं.

काकी घणसोली गावातल्या धवलारीण. आगरी लग्नात प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ते ज्या बाईला येतं तिला मानाने बोलावतात, ती धवलारीण. मी त्यांची भाडेकरू. साताऱ्याहून आले, ऐरोलीत नोकरी लागली आणि काकींच्या माडीवर खोली मिळाली.

"काम कनचं करतेस?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"गाण्यांच्या कंपनीत आहे."

काकींनी लगेच बसायला पाट दिला. "म्हन मंग एक."

"मला नाही येत. आमच्याकडे कोणालाच गाता येत नाही."

"मंग कंपनी कसली?"

मी समजावलं. लोक आमच्या ॲपवर गाणी ऐकतात, स्वतःचे व्हिडिओही टाकतात. गाणी आमची नसतात, म्युझिक कंपन्यांची असतात. आम्ही गाण्याआधी जाहिरात लावतो, जाहिरात नको असेल तर महिन्याचे पैसे घेतो, आणि जे येतं ते आम्ही आणि त्या कंपन्या वाटून घेतो.

"आनि गानारा?"

"तो गातो ना," मी म्हणाले. नोकरी नवीन होती, उत्तरं पाठ होती.

काकी स्वतः या धंद्यात माझ्या आधीच येऊन गेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. कॅसेटच्या काळात एक माणूस गावात आला होता. एका दुपारी त्याने काकींकडून एक धवला गाऊन घेतला, एक लुगडं दिलं आणि कागदावर सही घेतली. "चाहा पन पाजला," काकी सांगायच्या, आणि त्या माणसाबद्दल कधी वाईट बोलायच्या नाहीत. पुढे ती कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली, मोठीला आणखी मोठीने. टेबलखुर्च्यांबरोबर गाणंही दर वेळी नव्या मालकाकडे गेलं. शेवटच्या मालकाने त्याला दणदणीत ठेका जोडला आणि मधली दोन कडवी काढून टाकली, कारण ऐकणारे तेवढा वेळ थांबत नाहीत असं त्यांच्या आकड्यांनी सांगितलं. तुम्हीही त्यावर कुठल्या तरी हळदीत नाचला असाल. लाजू नका, मीही नाचले आहे.

काकींचा फोन बटणांचा. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते कळलं त्यांच्या पुतणीच्या हळदीला. मांडवात डीजेने ते गाणं लावलं, पोरं उड्या मारायला लागली, आणि काकी हातातलं हळदीचं ताट खाली ठेवून थेट डीजेवाल्या पोऱ्याकडे गेल्या.

"बंद कर तुजी पेटी. हा माजा आवाज हाय."

"काकी, हिट गाणं आहे."

"माजी दोन कडवी कुटं टाकलीस?"

"मोबाईलमदी एवढंच आहे, काकी. आईशप्पत."

त्या दोन कडव्यांत नवरीची आई लेकीचा हात सोडते. काकींच्या हिशेबी ती म्हटली नाहीत तर लग्न लागतं, पण मुलगी आईच्या हातातून सुटत नाही. त्यांनी डीजे बंद करायला लावला, चूळ भरली आणि सगळा धवला म्हटला. मांडवात कोणी हललं नाही. मधल्या कडव्यांना नवरीची आई रडली, मग नवरी, मग डीजेवाला. काकींच्या सुनेने ते सगळं फोनवर घेतलं आणि रात्रीच्या आत नेटवर टाकलं. "हरवायला नको," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओचा आवाज बंद झाला. दुसऱ्याच्या मालकीचं गाणं वापरल्याबद्दल. काकींचा आवाज काकींच्या आवाजाशी तंतोतंत जुळतो, ही चोरी आमच्या यंत्राने न झोपता पकडली होती.

"ताई, हे तुमचंच ॲप ना?" सुनेने विचारलं.

आमचंच होतं. मी तिला हरकत घ्यायला लावली. हरकतीचा निकाल दावा करणारी कंपनीच देते. एवढा स्वस्त आणि झटपट न्याय दुसरीकडे मिळायचा नाही. तो निकाल नियमात बसतो का, हे मात्र आमच्या विभागात बघतात. कंपनीने हरकत फेटाळली, तेव्हा मी ती फाईल मागून घेतली. त्यात कॅसेटवाल्याच्या कागदावर काकींची वाकडी सही होती, आणि वर लिहिलं होतं: आज माहीत असलेल्या व पुढे शोध लागेल त्या सर्व माध्यमांत.

"सर, ही चाल या गाणाऱ्या बाईंच्या आजीची आहे," मी साहेबांना म्हणाले.

"आजीचा कागद आहे?"

नव्हता. मी 'दावा मान्य' हे बटण दाबलं. नोकरी टिकवायची होती. घरभाडं द्यायचं होतं. काकींनाच.

घरी येऊन त्यांना सांगितलं. त्या कोलंबी सोलत होत्या.

"तू दाबलंस?"

"हो."

कोलंबी सोलून झाली, हात धुतले. "मंग मी आता गायचं का नाय?"

"गायचं, काकी. फक्त नेटवर नाही."

"नेट म्हंजे मासलीचं जालंच ना? त्यात गेलेलं परत खारीच्या पान्यात येतं व्हय?" त्या म्हणाल्या आणि मला जेवायला वाढलं.

पुन्हा नीट रेकॉर्ड करू, असं सून आणि मी म्हणत राहिलो. काकी तयार होईनात. "समोर नवरी नाय, तं कोनासाठी म्हनू?" पुढच्या लग्नाच्या मोसमात त्यांचा दम पुरेना, आणि त्याच्या पुढच्या मोसमात त्या नव्हत्या. गाण्याच्या मालक कंपनीने श्रद्धांजली वाहिली नाही. त्यांच्याकडे गायिकेच्या नावाची जागा रिकामीच होती.

मी आता तिथे नाही. दुसऱ्या ऑफिसात दुसरी बटणं दाबते. परवा गल्लीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि बायकांनी सुनेला गायला बोलावलं. तिला सुरुवात येत होती, शेवट येत होता. मधली दोन कडवी येत नव्हती. जुना फोन तिने कधीच बदलून घेतला होता. व्हिडिओ नेटवर आहे म्हणून निर्धास्त होती.

आम्ही तो लावला. आधी कर्जाची जाहिरात आली, खणखणीत आवाजात. मग काकी दिसल्या. पदर डोक्यावर, हात नवरीच्या खांद्यावर. नवरीची आई डोळे पुसत होती. आवाज कसलाच नव्हता. सून स्क्रीनला नाक लावून काकींचे ओठ बघत एकेक शब्द सांगत होती आणि मी वहीत लिहीत होते. दिवेलागणीपर्यंत अडीच ओळी झाल्या.