कवड्या नव्हे, मण्यार

"मॅडम, तुम्हाला डायबेटिक मॅक्युलर एडेमा आहे," डॉक्टर म्हणाले. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध पाणी झिरपतं, तिथे सूज येते आणि नेमकं नजरेसमोरचंच अंधूक, वाकडं दिसतं. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. डोळ्याची आकृती फळ्यावर कितीदा काढली असेल. तरी स्वतःच्या डोळ्याचं कळायला मला एक साप लागला.

निवृत्तीनंतर पिपरी मेघेतल्या घरी बसून मी मोबाइलवरच्या एका ग्रुपवर लोकांनी पाठवलेल्या फोटोंतले साप-सरडे ओळखून देते. धामण गाईचं दूध पिते का, पाल अंगावर पडली तर काय करायचं, असले प्रश्नही येतात. त्यांना मी न चिडता उत्तर देते, म्हणजे बहुतेक वेळा.

एका सकाळी देवळीच्या दुकानदाराने फोटो पाठवला. न्हाणीत बादलीमागे काळा साप, अंगावर पांढरे पट्टे. मी लिहिलं, "कवड्या. बिनविषारी आहे. बाहेर सोडून द्या." ग्रुपवरच्या दुसऱ्या जाणकाराने लगेच दुकानदाराला फोन लावला. तो साप मण्यार होता, अत्यंत विषारी. दुकानदार हाताला फडकं गुंडाळून न्हाणीच्या दारात पोचले होते. फोन वाजला म्हणून थांबले.

कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात. मण्यारचे बरेच मागून, आणि बहुधा जोडीने. हे मी झोपेतही सांगेन. फोटो पुन्हा पाहिला, तरी मला जोड्या दिसेनात. मग डावा डोळा झाकला, तर सापाचा मधला भागच नाहीसा झाला. अंधूक दिसत होतंच, पण चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मी दोन महिने चालढकल केली होती. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. माझ्या एका ओळीवर माणूस मेला असता.

दवाखान्यात आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि बाकावर बसवतात. शेजारी जाम गावच्या एक काकू होत्या. मी साप ओळखते हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, नाग खरंच बदला घेते काय?" मी डोळे मिटूनच म्हटलं, "नाही. इतकं त्याच्या लक्षात राहत नाही."

मग चौकटींचा कागद दाखवला. त्यातल्या सरळ रेघा मला मधोमध वाकलेल्या दिसल्या. नंतर ओसीटी झाली, म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो. त्यात काहीच दुखत नाही. उपचार मात्र इंट्राव्हिट्रियल इंजेक्शनचा, म्हणजे थेट डोळ्याच्या आत. पण डोळा बधिर करतात, नुसता दाब जाणवतो.

"गेलेलं सगळं परत येईल असं नाही," डॉक्टर म्हणाले. "आहे ते टिकवू."

तीन महिन्यांत तीन इंजेक्शनं झाली. रेघा बऱ्याच सरळ झाल्या, उजव्या डोळ्यातला डाग राहिला. मी ग्रुपवर लिहिलं की यापुढे साप ओळखून देणार नाही. लिहून झाल्यावर रडले.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. सापाचा फोटो दिसला तरी पाय खुर्चीवर घेतात. दोन-तीन दिवसांनी त्यांनी विचारलं,

"काऊन नाई सांगत लोकाइले?"

"दिसत नाही नीट."

"मले दिसते न. तू इचार, मी सांगतो."

त्याच आठवड्यात सेलूच्या एका बाईंनी फोटो पाठवला. ह्यांनी पाय वर घेतले, मोबाइल हातभर लांब धरला.

"पट्टे कुठून सुरू होतात?"

"डोक्यापासून बरेच मांगून. दोन-दोन जोडीनं हायेत." त्यांचा आवाज बदलला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी फोन लावला होता. "ताई, पयले मांगं सरक. मण्यार हाय. हात नोको लावजो."

साखर असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या. आणि आजच एकेक डोळा झाकून कॅलेंडरच्या रेघा पाहा. मला हे सांगायला कुणी नव्हतं असं नाही, मीच कुणाला विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर ह्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "चुकलं त नाई न?" त्यांनी विचारलं.

मी मोबाइल घेतला, फोटो मोठा केला आणि डाव्या डोळ्याने सावकाश पाहिला. चुकलं नव्हतं.