बटणं लावणाऱ्या मंगलाताई

"मंगला गेली रे," प्रल्हादभाऊ फोनवर म्हणाले. मी नाशिकच्या घरी मेथी निवडत बसलो होतो, टीव्हीचा आवाज मोठा होता, आणि आमचं डोकं वेळेवर चालेल तर शपथ! मी विचारलं, "कुठे गेल्या? धुळ्याला का?" ते पुन्हा म्हणाले, "नाही रे बाबा. गेली." तेव्हा कळलं. झोपेतच गेल्या होत्या, सकाळी चहाला हाक मारली तर ओ आली नाही. प्रल्हादभाऊ म्हणजे मंगलाताईंचे यजमान, लूमवरचे मिस्त्री, आयुष्यभर मशिनच्या खडखडाटात राहिल्यामुळे मोठ्यानं बोलणारा माणूस. त्या दिवशी त्यांचा आवाज इतका बारीक होता की मला तो ओळखूच आला नाही. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. लिहू की नको, यात त्यातले चार गेले. आता लिहितो, कारण मंगलाताईंबद्दल लोकांना एक गोष्ट चुकीची माहीत आहे आणि ती दुरुस्त करणं माझंच काम आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सुरतेला रिंग रोडवर साड्यांच्या एका मार्केटच्या वरच्या मजल्यावर आमचं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं. ऑफिस कसलं, दोन खोल्या, तीन मशिनं, आणि हवेपेक्षा फरशीवर जास्त पाणी सोडणारा एक कूलर. मी गोडादऱ्याहून सायकलवर यायचो. वडील पॉवरलूमवर, घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, आणि माझ्या खिशात एका क्लासचं सर्टिफिकेट. त्या सर्टिफिकेटाच्या जोरावर मी स्वतःला जे काही समजायचो, ते आठवलं की आजही कान तापतात. मंगलाताई माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या. डिंडोलीत राहायच्या, सासर आणि माहेर एकाच गल्लीत. त्यांचे वडील रेल्वेत होते आणि आई घरी बसून ब्लाउजांना काज-बटण करायची. ही आई मोठी मजेची बाई. शेजारणींनी विचारलं, "तुमची मंगला ऑफिसात काय करते हो?" तर म्हणायची, "बटणं लावते." खोटं नव्हतंच ते. आम्ही कॉम्प्युटरच्या पडद्यावर बटणंच लावायचो. पण एक शेजारीण खरंच तीन ब्लाउज घेऊन आली, म्हणाली, ऑफिसातून करून आण. मंगलाताईंनी काय करावं? घरी नेऊन तिन्ही ब्लाउजांना बटणं लावली आणि परत पाठवले. "तिला समजावण्यापेक्षा ते लवकर झालं," असं मला म्हणाल्या.

पडद्यावरचं बटण दोन तऱ्हांनी बसवता यायचं. एक म्हणजे माउसनं उचलायचं, हवं तिथे सोडायचं. चार बटणं असतील तर ठीक. पण किती बटणं लागणार हेच आधी माहीत नसेल, तर प्रोग्रामलाच सांगावं लागतं की बाबा रे, यादीत जेवढी नावं तेवढी बटणं तूच तयार कर, आणि डावीकडून किती, वरून किती, हे मोजून एकेक मांड. हे मोजणं मंगलाताई फार मन लावून करायच्या. आईचा शिवणकामाचा टेप पर्समध्ये असायचा. तो काढून काचेवर लावायच्या, दोन बटणांत बोटभर अंतर आहे की नाही बघायच्या. आम्ही पोरं हसायचो. अहो, पडद्याचं माप आकड्यात असतं, त्याला टेप कशाला? त्या म्हणायच्या, "आकडा मशिनला लागतो. माणसाला बोटभरच लागतं." प्रोग्राम लिहिण्याआधी जिथे तो चालणार तिथे जाऊन एक अख्खा दिवस नुसतं बसायचं, ही त्यांची रीत. काही विचारायचं नाही, लिहायचं नाही. बसून बघायचं. मला ती निव्वळ वेळेची नासाडी वाटायची.

उधन्याकडच्या एका प्रोसेस हाऊसचं काम आलं तेव्हाही त्या अशाच जाऊन बसल्या. कापड रंगवायचा कारखाना. तिथे रंग तोलायची जी खोली असते तिला कलर किचन म्हणतात, आणि त्या किचनचे धनी होते धुडकू आप्पा. अंमळनेरकडचे, साठीला टेकलेले, नखांच्या कडा कायमच्या निळ्या. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण कुठला रंग कुठल्या डब्यात हे डोळे मिटून सांगायचे. आमच्या प्रोग्रामचं काम साधं होतं. आप्पांनी मांडणीवरचा डबा काढायचा, पडद्यावर त्या रंगाचं बटण दाबायचं, म्हणजे कापडाच्या या लॉटला तो रंग किती तोलायचा ते वजन दिसणार. माउस शिकवताना माझा जीव गेला. मी सांगितलं, माउस उजव्या हातात धरा आणि डावं बटण दाबा. आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "धरानं जेवना हातमा, आनि दाबानं डावं? कशाले भो?" आमच्याकडे उजव्या हाताला जेवना म्हणतात, जेवायचा हात. मंगलाताईंनी त्या डाव्या बटणावर टिकली चिकटवली आणि म्हणाल्या, "आप्पा, लाल टिकली दाबायची." झालं शिक्षण! आप्पांचा हात थोडा थरथरायचा, म्हणून पडद्यावरचं प्रत्येक बटण मंगलाताईंनी आगपेटीएवढं केलं. दहा दिवसांत आप्पा असे चालवायला लागले की शेठ पाहुण्यांना दाखवायला आणायचे.

बटणं तयार करणारा तुकडा मात्र मी लिहिला होता. नवा रंग आला की डाइंग मास्टरनं यादीत नुसतं नाव टाकायचं, पुढच्या सकाळी बटण आपोआप हजर. आम्हाला कुणी बोलवायचीसुद्धा गरज नाही. मला त्याचा कोण अभिमान! आणि यादी दिसायला नीट असावी म्हणून मी त्यात एक ओळ घातली : सगळी नावं एबीसीडीच्या क्रमानं लावायची. आप्पांनी त्या क्रमाप्रमाणेच मांडणीवर डबे लावून घेतले होते. पहिला डबा, पहिलं बटण. चौथा डबा, चौथं बटण. ते नाव वाचत नव्हतेच, जागा वाचत होते. हे मंगलाताईंना दिसलं होतं. मला त्या म्हणाल्याही होत्या, "नवा रंग आला की काय होईल ते एकदा बघून घे रे." मी "हो" म्हटलं आणि बघितलं नाही.

दोन महिन्यांनी नवा रंग आला. ‘बी’पासून सुरू होणारं काहीतरी नाव होतं. आप्पांनी नवा डबा ठेवला मांडणीच्या शेवटी, जागा होती तिथे. कुणीही तेच केलं असतं. आणि माझ्या ओळीनं नवं बटण घातलं दुसऱ्या नंबरवर. त्याच्या पुढची सगळी बटणं एकेक घर सरकली. आप्पांनी रोजच्यासारखा डबा काढला, रोजच्या जागेवर दाबलं, आणि शेजारच्या रंगाचं वजन आलं. त्यांना शंका आली होती बरं का! त्यांनी सुपरवायझरला विचारलं, "एवढा कसा?" तो म्हणाला, "कॉम्प्युटर कधी चुकतो का? तोला." गुलाबी व्हायचा तो अख्खा लॉट वांग्याच्या रंगाचा होऊन बाहेर आला.

आम्ही दोघं पोचलो तेव्हा आप्पा कलर किचनच्या दारात उभे होते. आत जायची त्यांना मनाई झाली होती. सुपरवायझर सांगत होता, म्हाताऱ्याला दिसत नाही, चुकीचं बटण दाबलं. शेठ तसे वाईट नव्हते, पण चिडलेले. म्हणाले, "उंमर थई, काका. हवे घेर बेसो." घरी बसा. पंचवीस वर्षं रंग तोललेला माणूस, गावी शेत नाही, हातात दुसरं काम नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे चूक त्याची नाही. आप्पा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मी त्याच जागावर दाबं भो... आईशप्पथ." मला तेव्हाच सगळं समजलं होतं. सांगतो ना, त्या क्षणी समजलं होतं. मंगलाताईंनी खुर्ची ओढली, प्रोग्राम उघडला, खाली खाली गेल्या आणि त्या ओळीवर थांबल्या. मान वळवून माझ्याकडे एकदाच बघितलं. रागानं नाही. मी बोलतोय का, एवढंच बघत होत्या. मी पडद्याकडे बघत राहिलो.

मग त्या उठल्या. "शेठ, बटन खिसक गया था. काका नहीं खिसके."

"एटले?" म्हणजे काय, शेठनी विचारलं.

"भूल मारी छे. प्रोग्राम में गलत लाइन डाली थी."

"कोनी भूल?" शेठना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"मारी," मंगलाताई म्हणाल्या, छातीवर बोट ठेवून. मग मांडणीपाशी जाऊन डबा आणि बटण, डबा आणि बटण असं एकेक करून दाखवलं. शेठना पटलं. आप्पा आत गेले आणि तराजू पुसायला लागले. पुढे ते आणखी तीन वर्षं तिथेच होते, आणि गेले ते स्वतःच्या मनानं, गावी.

मंगलाताईंनी त्याच दुपारी तो तुकडा नव्यानं लिहिला. प्रत्येक बटणाची जागा त्याच्या नावाबरोबर कायमची लिहून ठेवायची. नवं बटण मोकळ्या जागेवर. रंग बंद झाला तर त्याची जागा रिकामी. मी, एवढं होऊनही, शहाणपणा केलाच! म्हटलं, "ताई, मध्ये भोक दिसेल की पडद्यावर." त्या म्हणाल्या, "दिसू दे. शेजारचा भाडेकरू गेला म्हणून आपण खोली बदलतो का?" येताना रिक्षात मी कसंबसं म्हणालो, "ताई, तुम्ही का..." त्यांनी पुरं करू दिलं नाही. "प्रोग्राम माझ्या हाताखाली झाला, तपासायचं काम माझं. तू आता एक कर, या विषयावर बोलू नकोस. बटणं नीट लाव." झालं, विषय संपला. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

पण त्याचं जे व्हायचं ते झालं. हजिऱ्याच्या एका मोठ्या प्लांटचं काम आमच्याकडे येणार होतं, कंट्रोल रूमचे पडदे करायचे होते, आणि ते मंगलाताई सांभाळणार हे ठरलेलं होतं. कितीतरी दिवस त्या त्याची तयारी करत होत्या. डब्यातली पोळी खाता खाता वहीत चौकोन काढायच्या. आमच्या साहेबांच्या कानावर लॉटची गोष्ट गेली आणि साहेब म्हणाले, तिथे चूक परवडणार नाही. काम मला दिलं. मला! मी घेतलं. त्या कामावर माझं पुढचं सगळं उभं राहिलं, नाशिकची नोकरी, हे घर, सगळं. मंगलाताईंनी मला त्यांची ती चौकोनांची वही दिली, आणि पहिल्या दिवशी निघताना बजावलं, "आधी एक दिवस नुसता बसून बघ." मी बसलो. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी बसतो. लोक मला या कामातला जाणकार म्हणतात तेव्हा गप्प राहणं मला चांगलं जमतं, सवय आहे.

गेल्या आठवड्यात डिंडोलीला जाऊन आलो. प्रल्हादभाऊ ओट्यावरच्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसले होते, एका कडेला सरून, दोघांच्या हिंचक्यावर एकटा माणूस बसतो तसे. मी खुर्ची घेतली. चहा झाला. मग मी सांगून टाकलं, लॉट, ती ओळ, माझं गप्प बसणं, हजिरा, सगळं. वाटलं होतं, ते म्हणतील, माहीत आहे रे, तिनं सांगितलं होतं. मला तेच ऐकायचं होतं खरं तर.

ते म्हणाले, "तिनं तर मला सांगितलं, तिचीच चूक."

"घरीसुद्धा?"

"घरीसुद्धा. मी तेव्हा फार बोललो रे तिला. इतकी शिकलेली, आणि एबीसीडीत चुकलीस म्हटलं? आणि नंतर ते चिडवणंच झालं आमच्या घरात. लग्नाची यादी करायची असो, किराण्याची असो, मी म्हणायचो, मंगलाकडे नका देऊ, तिला एबीसीडी येत नाही. पोरं हसायची, सुना हसायच्या. ती पण हसायची..." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "तीस वर्षं होत आली. रोज हसायची."

हिंचका थांबला होता. ते शेजारच्या रिकाम्या फळीकडे वळले आणि घरात बोलायचे त्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "आयकं का मंगला? हाऊ काय सांगी ऱ्हायना..." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग. तिलाच सांग आता."

मी खुर्चीवरून उठलो आणि सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, शेजारी ऐकत होते तरी. "ताई, ती ओळ माझी होती."