चाचांनी नापास केलेले कागद

"थांबा म्याडम, दगडाला पाणी पिऊ द्या," म्हणत चाचा ओल्या दगडावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. मी घाईत असले की हमखास. असा एखादा माणूस तुमच्याही कामावर असेल. त्याच्याशिवाय चालत नाही आणि त्याच्याबरोबर डोकं फिरतं.

अमेरिकेत वर्षभर राहून मी दगडावर काढलेली चित्रं कागदावर छापायला शिकले. तिथल्या चित्रकारांनी ही मागं पडलेली कला पुन्हा उभी केली होती. आपल्याकडंही तेच करू म्हणून परतले, तर उस्मानपुऱ्यातल्या एका बंद उर्दू छापखान्यात हातप्रेस, चार दगड आणि चाचा असं सगळं एकदम मिळालं. चाचांनी जन्मभर लग्नपत्रिका आणि मुशायऱ्यांची पत्रकं छापलेली. माझं शिक्षण ऐकून ते एवढंच म्हणाले, "बरं हाय. आता शाईचा रूळ नीट धरा."

पहिल्या प्रदर्शनासाठी मी दगडावर बजाजनगरची एक कामगार बाई काढली, शिफ्ट सुटल्यावर कारखान्याच्या गेटाबाहेर टेकलेली. बारा दिवस लागले. चाचा एकेक कागद छापायचे, उजेडात धरायचे, "नापास" म्हणायचे आणि टर्रकन फाडायचे. विसातले तेरा गेले. मला सगळे सारखेच दिसत होते. शेवटी एक नापास कागद फाडायच्या आत मी हट्टानं लपवला आणि चौकटीत घालून प्रदर्शनात लावला.

उद्घाटनाला चाचा इस्त्रीच्या शेरवानीत आले. त्या चित्रासमोर थांबले आणि पाहुण्यांदेखत चौकट उतरवून काखेत मारली.

"चाचा, चित्र माझं आहे!" मी ओरडले. "उद्यापासून येऊ नका."

ते आले नाहीत. मी एकटीनंच छापायला घेतलं, तर कोरड्या पडलेल्या दगडावर भलतीकडंच शाई चढली. चौथ्या दिवशी मुकाट त्यांच्या घरी गेले. चौकट खाटेवर होती. त्यांनी बाईच्या डोळ्याखाली बोट ठेवलं. तिथल्या बारीक रेषा कागदावर उतरल्याच नव्हत्या.

"थकलेली बाई हाय ना? मग थकवा कुठं गेला? तुमची बारा दिवसांची मेहनत मी कागदावर अर्धीच उतरवायची व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी भलतीकडची शाई काढून दगड वाचवला, आणखी पाच कागद पास केले. अमेरिकेतल्या रिवाजाप्रमाणं मी छापणारे म्हणून त्यांचीही सही मागितली. दुसऱ्यांची नावं छापण्यात जन्म गेलेल्या त्या माणसानं स्वतःचं नाव उर्दूत लिहायला पाऊण तास घेतला. दोन कागद सहीसाठी नापास केले!

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. दगड चारच, नवे मिळत नाहीत; जुनं चित्र घासूनच नवं काढायचं. एका विद्यार्थिनीला चित्र काढायचं होतं, म्हणून बजाजनगरच्या बाईचा दगड मी वाळूनं घासायला घेतला. संध्याकाळी तो कोरा झाला.

"चालेल का, चाचा?" तोंडातून निघून गेलं, आणि मी तशीच ओल्या हातांनी उभी राहिले.